अदृश्य मालाचें वेष्टन

वाण्याच्या दुकानांत साखर पुडींत बांधून मिळते, अत्तर कुपींत मिळतें आणि पुस्तक पुठ्ठ्याच्या बांधणींत मिळतें. पुडी सोडली कीं साखर हाताला लागते. कुपीचें बूच काढलें कीं वास येतो. पुस्तक तर दुकानांत उभ्या उभ्या चाळून पाहतां येतें. वेष्टन मालासाठीं असतें, माल वेष्टनासाठीं नसतो, हा व्यापाराचा फार जुना संकेत. विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत मात्र असा एक माल बाजारांत आला कीं ज्याला रंग नाहीं, वास नाहीं, वजन नाहीं आणि जो दुकानांत उलगडून दाखवितांही येत नाहीं. संगणकानें काय करावें हें त्याला सांगणाऱ्या आज्ञांची ती मालिका. तिला इंग्रजींत सॉफ्टवेअर म्हणतात, व मराठींतही आतां तोच शब्द रुळला आहे. हा माल गिऱ्हाइकाच्या हातीं द्यावयाचा कशांत घालून, हा प्रश्न प्रथम अमेरिकेंतील कांहीं तरुणांपुढें उभा राहिला. त्याचीं जीं उत्तरें त्यांनीं शोधलीं, त्यांची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

आरंभींच्या काळीं हा प्रश्नच नव्हता. खोलीभर पसरलेले ते अवाढव्य संगणक बँका, सरकारी खातीं व विद्यापीठें यांच्याच आवाक्यांतले होते, आणि यंत्र विकणारी कंपनीच त्याच्या आज्ञावल्याही यंत्राबरोबर पुरवीत असे. त्यांची वेगळी किंमत अशी बहुधा नसे. आयबीएम या सर्वांत मोठ्या कंपनीनें ही वहिवाट मोडून सॉफ्टवेअरची किंमत निराळी लावण्याचें २३ जून १९६९ रोजीं जाहीर केलें. तेव्हांपासून सॉफ्टवेअर हा स्वतंत्र माल ठरला खरा, पण त्याचें गिऱ्हाईक कचेरींत बसलेलें होतें. विक्रेता करारपत्र घेऊन त्याच्याकडे जाई, सह्या होत, आणि मागाहून चुंबकीय फितीचें भेंडोळें येई. ज्या मालाला दुकानाची फळी नाहीं, त्याला खोकें कशाला हवें ?

फळीचा प्रश्न निघाला तो संगणक घरांत शिरल्यावर. १९७५ सालीं आल्टेअर नांवाचें एक लहानसें यंत्र सुट्या भागांच्या रूपानें हौशी लोकांस मिळूं लागलें. बिल गेट्स व पॉल अॅलन या दोन तरुणांनीं एका सोबत्याच्या मदतीनें त्याच्यासाठीं ‘बेसिक’ ही संगणकाची भाषा तयार केली. ती भोंकें पाडलेल्या कागदी फितीवर दिली जाई. हौशी मंडळींनीं त्या फितीच्या नकला काढून एकमेकांस वाटल्या, तेव्हां गेट्स यांनीं फेब्रुवारी १९७६ मध्यें एक उघडें पत्र लिहून ही चोरी आहे असें बजावलें. पत्रांतला राग समजण्यासारखा होता. पण वाटणाऱ्यांच्या मनाचीही ठेवण ध्यानांत घेतली पाहिजे. त्यांच्या हातीं आलें होतें तें कागदाचें एक भेंडोळें. यंत्राला पैसे मोजावेत हें त्यांस पटे, कारण यंत्र जड होतें. भेंडोळ्याला मोजावेत हें पटेना. पुढें वीस वर्षें वेष्टनाच्या ज्या ज्या तऱ्हा निघाल्या, त्यांच्या मुळाशीं बहुतेक हीच खटपट होती : न दिसणाऱ्या मालाला असें शरीर द्यावयाचें कीं तो विकत घ्यावासा वाटावा, आणि साधलें तर त्याची नक्कल करणाराचा हात जरा अडावा.

पहिलें शरीर अगदींच गरीब होतें. १९७७ सालीं अॅपल टू हा घरगुती संगणक निघाला, व दुसऱ्या वर्षीं त्याला फ्लॉपीची जोड मिळाली. सव्वापांच इंची चौकोनी खोळींत बसविलेली ही पातळ, लवचीक तबकडी. धूळ, बोटाचा ठसा, लोहचुंबक आणि घडी हे तिचे चार वैरी. तिला ठेवावयास लोकांनीं निवडली ती स्वयंपाकघरांतली, तोंडाशीं पट्टी दाबून बंद होणारी पारदर्शक पिशवी. टेक्सस प्रांतांतील क्लिअर लेक या गांवीं रिचर्ड गॅरियट नांवाचा एक तरुण शाळा संपवून संगणकाच्या दुकानांत कामाला राहिला होता. १९७९-८० च्या सुमारास त्यानें स्वतः रचलेला ‘अकालाबेथ’ हा खेळ दुकानाच्या चालकाच्या सांगण्यावरून विकावयास काढला. सुमारें दोनशें डॉलर त्यानें पिशव्या व छापील कागद यांवर खर्च केले. वरचें चित्र त्याच्या आईनें काढून दिलें. पिशव्या दुकानाच्या भिंतीवर टांगल्या गेल्या, व खपल्या त्या अगदीं थोड्या. परंतु त्यांतली एक प्रत कॅलिफोर्नियांतील एका प्रकाशकाच्या हातीं पडली, आणि मुलाचें नशीब उघडलें. त्याच सुमारास, १९८० सालीं, केन व रॉबर्टा विल्यम्स या दांपत्यानें ‘मिस्टरी हाउस’ हा चित्रांचा खेळ अशाच पिशव्यांत घालून विकला. किंमत होती २४ डॉलर ९५ सेंट. पिशव्या भरण्याचें काम घरींच चाले.

पिशवीचा एक मोठा गुण पुढच्या काळांत कोणालाच साधला नाहीं. तिला भांडवल लागत नसे. ज्याच्यापाशीं एक संगणक व कांहीं डॉलर आहेत, तो बाजारांत उभा राहूं शके. तिचा अवगुणही उघड होता : पिशवी पाहून गिऱ्हाइकाला हा माल कोणी तरी घरीं बसून भरला आहे हें तात्काळ कळे, आणि घडी पडण्यापासून तर ती फ्लॉपीला मुळींच राखीत नसे.

कचेऱ्यांचा माल विकणारांना असली गरिबी परवडण्यासारखी नव्हती. १९७९ सालीं डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांची ‘व्हिसिकॅल्क’ ही हिशेबाची आज्ञावली आली ती तपकिरी रंगाच्या भारदस्त बांधणींत. १९८१ सालीं आयबीएमनें आपला लहान संगणक काढला तेव्हां त्याच्या पुस्तिका कड्या लावलेल्या लहान आकाराच्या बांधणींत, आणि ती बांधणी कापडी मढवणीच्या खोळींत, असा थाट ठेवला. पानें सुटीं करतां येत असल्यामुळें एखादी दुरुस्ती झाली कीं नवें पान घालतां येई, ही त्यांतली खरी सोय. परंतु इतर कंपन्यांनीं तिचें जें अनुकरण केलें तें बरेंचसें डौलासाठीं. ‘लोटस १-२-३’ ही आज्ञावली १९८३ सालीं ४९५ डॉलरला निघाली. जी तबकडी स्वतः दोनतीन डॉलरांची, तिच्यासाठीं पांचशें डॉलर मोजणाऱ्या मनुष्याच्या हातांत कांहीं वजन पडलें पाहिजे, हें विक्रेत्यांनीं ओळखलें होतें. शिवाय तबकडीची नक्कल दोन मिनिटांत निघे. शेंकडों पानांच्या ग्रंथाची नक्कल काढावयास दिवस जाई आणि पैसेही पडत. त्याच वर्षीं बोर्लंड या कंपनीनें ‘टर्बो पास्कल’ ४९ डॉलर ९५ सेंटला टपालानें विकून दाखविलें. साधी कागदी बांधणी, आणि पुस्तकाप्रमाणें वागवा, म्हणजे एका वेळीं एकानेंच वापरा, एवढाच सोपा परवाना. स्वस्त माल लोक निमूटपणें विकत घेतात हें त्यावरून दिसून आलें. पण महाग विकणारांना तें ऐकावयाचें नव्हतें.

या सर्व खटाटोपांत ज्यांनीं वेष्टनाला खरोखर अर्थ दिला ती मंडळी मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील केंब्रिज येथील. तेथील प्रसिद्ध तंत्रविद्यालयांतून निघालेल्या कांहीं जणांनीं १९७९ सालीं ‘इन्फोकॉम’ ही कंपनी काढली होती. तिच्या खेळांत चित्रें नसत. पडद्यावर मजकूर येई, खेळणारानें वाक्य लिहून हुकूम द्यावयाचा व त्यावर पुन्हा मजकूर यावयाचा. एका अर्थानें ती वाचकाला हातीं धरून आंत नेणारी कादंबरीच. १९८२ सालीं मार्क ब्लँक ‘डेडलाइन’ हा खुनाच्या तपासाचा खेळ लिहीत होते. एका श्रीमंत गृहस्थाचा औषध जास्त झाल्यानें मृत्यु झालेला आहे, आणि खेळणारानें बारा तासांत खरा प्रकार शोधून काढावयाचा. अडचण अशी पडली कीं साक्षीदारांच्या जबान्या, वैद्याचा अहवाल, प्रयोगशाळेचें टिपण, हें सारें फ्लॉपीवर मावेना. आजच्या एका लहानशा छायाचित्राएवढीही जागा त्या फ्लॉपीवर नव्हती.

तेव्हां तोडगा निघाला तो १९३० नंतरच्या इंग्लंडांतून. डेनिस व्हीटली या कादंबरीकारानें जे. जी. लिंक्स यांच्या साहाय्यानें १९३६ सालीं ‘मर्डर ऑफ मियामी’ नांवाचें एक विलक्षण पुस्तक काढलें होतें. तें पुस्तक नव्हतेंच, पोलिसांच्या कागदपत्रांचें तें बाड होतें : तारा, जबान्या, छायाचित्रें, आणि शिवाय पाकिटांत घातलेले केस, जळकी काडी व रक्ताचा डाग असलेला पडद्याचा तुकडा. वाचकानें पुरावा हातांत घेऊन पाहावा आणि शेवटचीं मोहोरबंद पानें उघडण्यापूर्वी स्वतःच उलगडा करावा. ‘डेडलाइन’चें वेष्टन याच कल्पनेवर बांधलें गेलें. खोक्याऐवजीं तपासाच्या फायलीसारखें पाकीट. आंत जबान्या, वकिलाचें पत्र, चहाच्या पेल्याचा अहवाल, जमिनीवर खडूनें आंखलेल्या प्रेताच्या आकृतीचें छायाचित्र, आणि एका लहानशा पिशवींत मृताजवळ सांपडलेल्या तीन पांढऱ्या गोळ्या. गोळ्या अर्थात् साखरेच्या मिठाईच्या होत्या. जें फ्लॉपींत मावलें नाहीं तें वेष्टनांत आलें. म्हणजे येथें वेष्टन हें मालाभोंवतीं राहिलें नाहीं, तें मालाचाच भाग झालें. खेळाची नक्कल करणाराला तबकडी मिळे, पण जबान्या मिळत नसत, हा फायदाही कांहीं लहान नव्हता.

या यशानें कंपनीला थोडी धुंदी चढली असें म्हणावें लागतें. त्याच वर्षींचा ‘स्टारक्रॉस’ हा आकाशप्रवासाचा खेळ प्लॅस्टिकच्या उडत्या तबकडींत घालून विकावयास ठेवला. आंत ताऱ्यांचा नकाशा होता, व त्यांतले आंकडे पाहिल्यावांचून खेळ पुढें सरकत नसे; ही युक्ति नामी होती. पण ती गोल तबकडी दुकानदाराच्या फळीवर नीट उभी राहीना, आणि एकीवर एक रचतांही येईना. १९८३ चा ‘सस्पेंडेड’ खेळ आला तो पांढऱ्या निर्जीव चेहऱ्याचा मुखवटा बाहेर काढून. त्याचीही तीच गत. ज्याच्या भिंतीवर माल मांडावयाचा त्याला विचारल्याशिवाय वेष्टनाचा आकार ठरविणें म्हणजे दरवाजा मोजल्याशिवाय पलंग करविण्यासारखेंच. अखेर १९८४ सालीं कंपनीनें सगळ्या खेळांसाठीं एकच करडें खोकें ठरविलें. तें पुस्तकासारखें उघडे. उघडतांच शिवलेली पुस्तिका, व तिच्या मागें खणांत किडुकमिडुक वस्तु. याच खोक्यांत त्या वर्षीं डग्लस अॅडम्स यांच्या प्रसिद्ध विनोदी कथेवरील खेळ निघाला. त्यांत संकट दिसूं नये म्हणून घालावयाचा अगदीं काळा पुठ्ठ्याचा चष्मा होता, कापसाचा पुंजका होता, आणि सूक्ष्म अंतराळ-नौदल म्हणून एक पूर्ण रिकामी पिशवी होती. न दिसणारा माल विकणारांनीं न दिसण्याचीच अशी थट्टा केली.

गॅरियट यांचें नांव वर आलेंच आहे. पिशवींतून निघालेल्या या तरुणाला १९८२ सालीं आपल्या ‘अल्टिमा टू’ या खेळाबरोबर कापडावर छापलेला नकाशा द्यावयाचा होता. प्रकाशकांना हें वेड वाटलें. अखेर विल्यम्स दांपत्याच्या कंपनीनें तें मान्य केलें. पुढें स्वतःची कंपनी झाल्यावर १९८५ च्या ‘अल्टिमा फोर’मध्यें त्यांनीं कापडी नकाशाबरोबर धातूचें एक लहानसें चिन्हही घातलें. दुसऱ्या बाजूनें पाहिलें तर ट्रिप हॉकिन्स यांनीं १९८२ सालीं काढलेल्या ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ या कंपनीनें ग्रामोफोनच्या तबकडीचें पातळ, चौकोनी, दुमडून उघडणारें पाकीट उचललें. गायकाचें नांव व छायाचित्र तबकडीवर असतें, तसें खेळ रचणाराचें असावें, हा त्यांतला हेतु. आज्ञावली लिहिणाराला इतका मान दुकानाच्या फळीवर क्वचितच मिळाला होता. पाकीट मात्र फार पातळ. कडेनें उभें केलें कीं दिसेनासें होई, आणि थोड्याच वर्षांत त्या कंपनीलाही खोक्यांकडे वळावें लागलें.

इंग्लंडांत गोष्ट निराळी झाली. तेथें १९८२ सालीं निघालेला स्पेक्ट्रम हा स्वस्त संगणक साध्या टेपरेकॉर्डरवर चाले. त्यामुळें खेळ गाण्यांच्या कॅसेटच्या डबींतच येत. डबी तयार, तिची मांडणी तयार, खर्च नगण्य. ‘मास्टरट्रॉनिक’ या कंपनीनें १९८४ पासून एक पौंड नव्याण्णव पेन्सांच्या कॅसेटी वर्तमानपत्रांच्या दुकानांतून विकल्या. आणि त्याच सालच्या सप्टेंबरांत डेव्हिड ब्रेबेन व इयन बेल या दोन विद्यार्थ्यांचा ‘एलीट’ हा खेळ बीबीसी मायक्रो या संगणकासाठीं मोठ्या खोक्यांत निघाला, आंत रॉबर्ट होल्डस्टॉक यांची एक लघुकादंबरी घालून. किंमत जवळजवळ पंधरा पौंड, आणि खपही उत्तम. एकाच देशांत, एकाच वर्षीं, डबी व खोकें हीं दोन्हीं खरीं ठरलीं.

१९९० नंतर मात्र खोक्यानें मालावर स्वारी केली. मोठमोठीं दुकानें सॉफ्टवेअर ठेवूं लागलीं. तेथें ज्याचें तोंड रुंद तो आधीं दिसे. फ्लॉपींची जागा सीडीनें घेतली. ऑगस्ट १९९५ मध्यें निघालेलें विंडोज ९५ फ्लॉपींवर घेतलें तर तेरा फ्लॉपी लागत, सीडीवर एकच पुरे. तबकडी अशी सडसडीत झाली, पुस्तिकाही पातळ झाली, तरी खोकें तेवढेंच राहिलें. आंत पुठ्ठ्याचीं खोटीं खणें करून मधली पोकळी भरण्यांत येई. गाण्यांच्या सीडीच्या बाबतींत अमेरिकेंत हेंच घडलें होतें. बारा सेंटिमीटरची ती तबकडी जुन्या तबकड्यांसाठीं केलेल्या मांडण्यांत बसावी म्हणून एक फूट उंचीच्या पुठ्ठ्यांत विकीत, व कचऱ्याची ओरड झाल्यावर १९९३ सालीं ती चाल बंद पडली. सॉफ्टवेअरच्या खोक्यांना त्यानंतरही बरीच वर्षें आयुष्य मिळालें.

यांत भरडला गेला तो पिशवीवाला. चार रंगांचें खोकें छापावयाचें, तें हजारोंनीं छापावयाचें, आणि न खपलेलें परत घ्यावयाचें, हें घरीं बसून आज्ञावली लिहिणाराच्या शक्तीबाहेरचें होतें. म्हणून कांहींनीं वेष्टनच टाकून दिलें. ‘इड सॉफ्टवेअर’च्या मंडळींनीं डिसेंबर १९९३ मध्यें ‘डूम’ या खेळाचा पहिला भाग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संगणकावर ठेवून दिला : ज्याला पाहिजे त्यानें घ्यावा, दुसऱ्याला द्यावा, आवडला तर पुढचे भाग पैसे पाठवून मागवावेत. दुकानदारांनीं हा फुकट भाग आपापल्या खोक्यांत घालून विकला तरी त्यांना मना नव्हती. नक्कल हा जेथें शत्रु मानला जाई, तेथें तिला फिरता विक्रेता करण्याची ही हिंमत होती.

खोक्याचें आणखी एक अंग कायद्याच्या दरबारांत उघडें पडलें. खोक्यावर ताणून बसविलेल्या पारदर्शक कागदाच्या आंत एक परवाना असे, आणि हें वेष्टन फाडलें म्हणजे अटी मान्य, असें त्यावर लिहिलेलें असे. गिऱ्हाइकाची समजूत अशी कीं आपण वस्तु विकत घेतली. विक्रेत्याचें म्हणणें असें कीं वस्तु नव्हे, वापरण्याची परवानगी घेतली. १९९१ सालीं ‘स्टेप-सेव्हर’ खटल्यांत अमेरिकेच्या तिसऱ्या विभागाच्या अपील न्यायालयानें ठरविलें कीं सौदा टेलिफोनवर आधींच पुरा झाला असतां मागाहून आलेल्या खोक्यावरच्या अटी कराराचा भाग होत नाहींत. १९९६ सालीं ‘प्रोसीडी’ खटल्यांत सातव्या विभागानें उलट निर्णय दिला. तेथें झायडेनबर्ग यांनीं तीन हजारांहून अधिक टेलिफोन-यादींवरून केलेली सीडी विकत घेऊन तींतली माहिती इंटरनेटवर स्वस्तांत देऊं केली होती. न्यायमूर्ति ईस्टरब्रुक यांचा आधार असा कीं सर्व अटी खोक्याच्या बाहेर छापावयाच्या तर अक्षर सूक्ष्मदर्शकानेंच वाचावें लागेल. आंत अटी आहेत अशी सूचना बाहेर असली, व न पटल्यास माल परत करण्याची सोय असली म्हणजे पुरे. निर्णय तर्काला सोडून नाहीं. तरीपण पैसे देऊन, घरीं नेऊन, फाडून मग अटी वाचावयाच्या, हा क्रम साखरेच्या पुडीला लावला असता तर गिऱ्हाइकानें वाण्याला दुकानाखालीं ओढला असता, हेंही खरें.

खोकें आटलें तें याच सुमारास. २००० सालानंतर अमेरिकेंतील मोठ्या दुकानदारांच्या संघटनेच्या आग्रहानें संगणकाच्या खेळांचें खोकें चित्रपटाच्या डीव्हीडीच्या डबीपेक्षां थोडें जाड, एवढेंच राहिलें. एका फळीवर दुप्पट माल मावूं लागला. कापडी नकाशे व धातूचीं चिन्हें कांहीं खास आवृत्त्यांपुरतीं उरलीं. नोव्हेंबर २००४ मध्यें ‘हाफ-लाइफ टू’ हा खेळ निघाला. तो दुकानांतून खोक्यांत घेतला, तबकड्या संगणकांत घातल्या, तरी इंटरनेटवरून विकणाऱ्या कंपनीची परवानगी येईपर्यंत सुरू होत नसे. परवान्यांत जें अक्षरांनीं लिहिलें होतें तें आतां यंत्रानें अंमलांत आणलें. २०११ सालीं अॅपलनें आपली नवी कार्यप्रणाली मुख्यतः इंटरनेटवरूनच दिली. २०१३ सालीं अॅडोबी कंपनीनें आपल्या चित्रकामाच्या आज्ञावल्यांच्या पुढील आवृत्त्या केवळ वर्गणीनें देण्याचें जाहीर केलें. त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टचें ऑफिस २०१३ पुष्कळ ठिकाणीं फळीवर खोक्यांत मिळे. खोकें रंगीत, चकचकीत, नेहमींच्या मापाचें. आंत तबकडी नसे, पुस्तिका नसे. एक पुठ्ठ्याचें कार्ड असे, आणि त्यावर पंचवीस अक्षरें व आंकडे.